बॉनेटवरचा टवका

आमच्या ह्यांना राग कमी येतो आणि वाईट जास्त वाटतं. माझं बरोबर उलट आहे. त्यामुळे घरात काही बिनसलं की मी भांडते आणि हे गॅलरीत बसून सुपारी कातरतात. लोकांना वाटतं, वनमालाने नवऱ्याला मुठीत ठेवलंय. वाटू दे. दिंडोशीत सकाळी नळाला पाणी आलं की लोकांच्या तोंडालाही येतं, त्याला मी काय करू?

ह्यांचं नाव जयवंत. पण आमच्या कॉलनीपासून पार मालाड स्टेशनपर्यंत जुनी माणसं त्यांना जयवंत पेंटर म्हणूनच ओळखतात. माझे सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हे शाळा सोडून एका बोर्ड रंगवणाऱ्याच्या हाताखाली लागले आणि त्यातच मुरले. किराणा दुकानांचे बोर्ड, दवाखान्यांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची मुलांची नावं, सगळं ह्यांच्या हातचं. अक्षर असं काढायचे की गिऱ्हाईक पैसे द्यायच्या आधी दोन पावलं मागे जाऊन बघत उभं राहायचं. काम झालं की उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात 'जयवंत' लिहायचे. आणि घरी आले की आधी ब्रश धुवायचे, मग हात. ताट वाढलेलं असलं तरी आधी ब्रश. मी कितीदा म्हटलं, अहो, भात गार होतोय, ब्रश काय पळून जातोय? तर म्हणायचे, "वनू, हात उद्या पण निघतो. ब्रश एकदा सुकला की मेला."

मग फ्लेक्स आले. कॉम्प्युटरवर अक्षर काढा, मशीनमधून सर्रकन बाहेर, संध्याकाळी दुकानावर. दुकानदारांना तर ह्यांचे जुने बोर्ड उतरवायचाही कंटाळा. त्याच फ्रेमवर वरून फ्लेक्स ठोकून द्यायचे. आम्ही दोघं बाजारात गेलो की हे मान वर करून बघायचे आणि हळूच म्हणायचे, "आत माझाच बोर्ड आहे हां." सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर मी मान दुसरीकडे वळवायचे. नंतर सवय झाली. धंदा बसल्यावर ह्यांनी बरीच वर्षं एका टॉवरमध्ये लिफ्ट सांभाळली. ब्रश तेलाच्या फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातले आणि डबा माळ्यावर गेला. पण रस्त्यातलं ते वाक्य काही सुटलं नाही. आत माझाच बोर्ड आहे. त्या एका वाक्यावर माणसाने म्हातारपण काढलं म्हणा ना.

आमचा एकुलता एक मुलगा देवेश. वांद्र्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. लहानपणापासून गाड्यांचं वेड. ह्यांनी त्याच्या शाळेच्या पेटीवर एकदा लाल रेसची गाडी काढून दिली होती, ती पेटी त्याने पार गंजेपर्यंत वापरली. तर हा मोठा झाला, कमवायला लागला आणि त्याने खरंच तशी गाडी आणली. वापरलेली. जपानी, दोन दारांची, लालभडक, पार जमिनीला टेकलेली. कुठल्या तरी उत्तरेकडच्या माणसाकडून घेतली. मी म्हटलं, अरे, ह्यात बसायचं की झोपायचं? कॉलनीच्या गेटावरच्या स्पीडब्रेकरला तिचं पोट घासायचं, तो आवाज आला की घरात आम्हाला कळायचं, देवेश आला. मागची सीट म्हणजे नुसती शोभेची, तिथे फार तर भाजीची पिशवी बसेल. पण पोरगा इतका खूश होता की मी जास्त बोलले नाही. माझ्या मानाने जास्त नाही, असं म्हणायचं.

गेल्या दसऱ्याला त्या गाडीची पहिली पूजा. देवेशने पहाटेपासून घासून पुसून चकचकीत केली. मी झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळी बिल्डिंग खाली जमलेली. ह्यांनी पांढरा सदरा घातला होता. नारळ फोडायचा मान ह्यांचा. देवेश म्हणाला, "बाबा, जरा लांब फोडा हां, तिकडे भिंतीकडे." तर हे म्हणाले, "गाडीचा नारळ गाडीच्या पुढ्यातच फुटतो. भिंतीची पूजा आहे काय?" सगळे हसले. आमच्या गावाकडे नारळ एका घावात फुटला पाहिजे, नाहीतर लोक तोंडं बघतात. म्हणून ह्यांनी गाडीला ओवाळून नारळ डोक्यावर नेला आणि जीव खाऊन खालच्या पेव्हर ब्लॉकवर आपटला. एका घावात फुटला. करवंटीचा एक तुकडा उडाला आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर बसला. दुसरी उंच गाडी असती तर बंपरला लागला असता. हिचं नाकच मेलं जमिनीत.

टक् असा आवाज झाला. रुपयाच्या नाण्याएवढा लाल पापुद्रा निघून खाली पडला, आत पांढरं दिसायला लागलं. देवेश वाकला, बोट लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सांगितलं होतं ना लांब फोडा म्हणून? एक काम धड करता येत नाही तुम्हाला?"

 हे खाली बसून खोबऱ्याचे तुकडे गोळा करायला लागले. नंतर प्रसाद पण ह्यांनीच वाटला, प्रत्येकाच्या हातावर, मान खाली घालून. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण सणाचा दिवस, लोक बघतायत, मी गिळलं. वर आल्यावर मात्र देवेशला असा फैलावर घेतला की शेजारची शकु दार लावून घेऊन ऐकत बसली. तो म्हणाला, "चुकलं आई, बोलून गेलो." मी म्हटलं, मला नको सांगूस, त्यांना सांग. ते काही त्याला जमलं नाही. बापलेकांना एकमेकांना सॉरी म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही. त्या दिवसापासून हे अधूनमधून स्वतःशीच म्हणायचे, "एक काम धड." चहा ओतताना सांडला, की एक काम धड. चावी विसरली, की एक काम धड. मला ऐकवत नव्हतं.

आता तो टवका भरायचा कसा, यावर घरात चर्चा सुरू झाली. मी म्हटलं, लाल नेलपॉलिश लाव आणि मोकळा हो. शकु तिची बाटली घेऊन पण आली. देवेशने दोघींकडे असं बघितलं की शकु बाटलीसकट परत गेली. त्याचं म्हणणं, गाडीच्या दाराच्या आत पट्टीवर रंगाचा नंबर असतो, तो टाकला की अगदी तोच रंग बाटलीत मिळतो, झाकणाला आतून छोटा ब्रश. त्याने ती बाटली मागवली. आली. उघडली तर आत पांढरा रंग.

आधी त्याला वाटलं, कंपनीने चूक केली. खाली जाऊन नंबर पुन्हा बघितला. बरोबर होता. मग रविवारी गाडी घेऊन जोगेश्वरीला एका गॅरेजवाल्याकडे गेला. तिथून आला तेव्हा गेटावर पोट घासल्याचा आवाज आला, पण देवेश वर आला नाही. मी खाली जाऊन बघितलं, तर काचा लावून आत नुसता बसला होता. मी काचेवर टकटक केलं. म्हणाला, "आई, ही गाडी लाल नाहीच आहे. पांढरी होती. कुठेतरी जोरात ठोकली, मग दुरुस्त करून वरून लाल मारला. मला फसवलं गं." गॅरेजवाला हसला म्हणे त्याच्या तोंडावर. पापुद्र्याची कड उचलली गेली आहे, तसंच ठेवलं तर निघत जाणार आणि गंज धरणार. नुसतं बॉनेट रंगवलं तर बाकीच्याशी जुळणार नाही, कारण हा लाल कुठल्या डब्यातला आहे हे देवालाच ठाऊक. म्हणजे सगळी गाडी खरवडून पुन्हा रंगवायची. त्याने आकडा सांगितला तो देवेशने मला सांगितलाच नाही, नुसतं म्हणाला, "सोड."

पोराचा पण जीव तुटला होता, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या बिल्डिंगसमोर बापाला बोलला तो टवक्यासाठी, आणि टवक्याखालून निघाली ती त्याची स्वतःची फसगत.

त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "तो लाल मी बनवून देतो."

देवेश म्हणाला, "बाबा, प्लीज. गाडीला हात लावू नका."

"अरे, जिंदगीभर मी लालच कालवला. मेडिकलवाल्यांचा वेगळा, मिठाईवाल्यांचा वेगळा. नंबर नसू दे, डोळे आहेत ना."

"तो रंग वेगळा असतो बाबा. गाडीचा असतो, बोर्डाचा नाही."

 मी देवेशकडे बघितलं. नुसतं बघितलं, बोलले नाही, पण माझं बघणं त्याला लहानपणापासून माहीत आहे. थोड्या वेळाने हात धुवायला उठता उठता म्हणाला, "करा काय करायचं ते. नाहीतरी वाट लागलेलीच आहे." ह्याला काही आशीर्वाद म्हणत नाहीत. पण ह्यांना तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा डबा माळ्यावरून खाली आला. फडकं सोडलं, तर ब्रश अजून मऊ. हे एकेक ब्रश गालावर फिरवून बघत होते. एनॅमलचे छोटे डबे आणले, लाल, थोडा तपकिरी, थेंबभर पिवळा. डब्यांच्या झाकणांवर रंग कालवायचे, सुकू द्यायचे, खाली जाऊन दुपारच्या उन्हात बॉनेटवर ठेवून बघायचे आणि मान हलवत परत यायचे. देवेश ऑफिसला ट्रेनने जायचा, गाडी खालीच असायची, त्यामुळे ह्यांना दिवस मोकळा. पोरं विचारायची, आजोबा काय करताय? "रंग शोधतोय," म्हणायचे. एक दिवस वर आले ते हसतच. मी गेले बघायला. झाकण बॉनेटवर ठेवलं होतं आणि खरंच सांगते, झाकण कुठे संपतं ते उन्हात कळत नव्हतं.

मग काम. आधी उचललेली कड घासून बसवली. मग रंग. उजवा हात आता थोडा थरथरतो त्यांचा, तर डाव्या हाताने मनगट धरलं, शिडीवर उभं राहून धरायचे तसं. धूळ बसू नये म्हणून मी वरून जुनी साडी ताणून धरून उभी. एक पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचं, पुन्हा एक. दोन्ही खांदे भरून आले माझे. पण मी कुरकुरले नाही, कारण ह्यांच्या तोंडावरचा तो भाव मी फार वर्षांनी बघत होते, जीभ दाताखाली, डोळे बारीक, आजूबाजूला जग आहे याचा पत्ता नाही. काम झाल्यावर शकुला बोलावलं, सांगा कुठे होता टवका. तिने दोनदा चुकीच्या जागी बोट ठेवलं. हे हसले. वर येऊन आधी ब्रश धुतले.

खोटं कशाला सांगू, संध्याकाळी पार्किंगच्या ट्यूबलाइटमध्ये तो ठिपका जरा काळपट दिसायचा. आणि बोट फिरवलं तर किंचित वर आलेला लागायचा. ह्यांनाही ते कळलं होतं. "दिवसा चांगला दिसतो," एवढंच म्हणाले. देवेश आला, मोबाइलची बॅटरी लावून बघितलं, नख फिरवलं. म्हणाला, "चांगलं झालंय बाबा." ह्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून 'एक काम धड' बंद झालं.

बंदच झालं. इतकंच नाही, हे माणसात आले. शकुने दारावरची पाटी करून द्या म्हटलं, तर लगेच पत्रा कापून आणला. निळा हात देऊन सुकवला आणि पिवळ्यात अक्षरं सुरू केली. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून आले, नोटीसबोर्डाची नावं पुसट झाली आहेत, मी काढून देतो. सकाळी उठून दाढी करायला लागले. मला वाटलं, चला, त्या नारळाने बरंच केलं म्हणायचं.

जानेवारीत एका शनिवारी जेवताना देवेश म्हणाला, "गाडी रॅप करून घेतोय. मॅट ग्रे. उद्या द्यायचीय."

"म्हणजे काय?" ह्यांनी विचारलं.

"पूर्ण गाडीला फिल्म लावतात. स्टिकर असतो म्हणा ना. आतला रंग दिसतच नाही."

ह्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "फ्लेक्ससारखं."

"फ्लेक्स नाही हो बाबा. चांगलं असतं."

हे उठून हात धुवायला गेले तसं मी देवेशला धरलं. मी म्हटलं, अरे, तुला लाज वाटत नाही? बापाने जीव ओतून रंग दिला, त्याच्यावर स्टिकर लावतोस? तो भांडला नाही.  म्हणाला, "आई, त्यांनी चांगला दिला गं. पण मी गाडीकडे बघितलं की मला लाल दिसतच नाही, आतलं पांढरंच दिसतं. रंगवायला पैसे नाहीत. विकायला गेलो तर कोणी घेणार नाही. मला निदान झाकून तरी टाकू दे."  मी ताटं उचलली.

हात पुसत हे बाहेर आले आणि म्हणाले, "चालेल. लाव तू. आत आपलाच रंग आहे." अगदी बाजारात बोर्डांकडे बघून म्हणायचे तसं म्हणाले. मला बरं वाटलं. म्हटलं, सापडलं ह्यांना काहीतरी धरायला.

रविवारी हे म्हणाले, मी पण येतो, बघतो कसं लावतात. म्हणून मीही निघाले, मला ह्यांना एकटं सोडवेना. त्या भाजीच्या पिशवीच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून मालाडपर्यंत गेले. दुकान मोठं होतं, आत पांढरे दिवे, रंगीत फिल्मच्या गुंडाळ्या भिंतीला उभ्या. हे त्या गुंडाळ्यांकडे बघत राहिले. तिथला माणूस भला होता, वाईट काही बोलला नाही. त्याने बॉनेटवरून तळहात फिरवत नेला आणि पुढच्या कडेला थांबला.

"ये ब्रश से किया है क्या?"

देवेश म्हणाला, "हां. घर पे किया."

"इसको निकालना पड़ेगा. घिस के बराबर करके पुट्टी भरेगा. नहीं तो फिल्म के ऊपर दिखेगा, और वहीं से छूटेगा."

देवेश म्हणाला, "थोडा रहने दो तो?"

"नहीं चलेगा, सर. ये ऑइल पेंट है."

देवेशने ह्यांच्याकडे बघितलं नाही. मी बघितलं. हे दोन पावलं पुढे गेले आणि त्या माणसाला म्हणाले, "पॉलिश पेपर दो. मैं करता है."

तो म्हणाला, अंकल, हमारा लड़का कर देगा. ह्यांनी हात पुढे केलेला तसाच ठेवला. शेवटी त्याने पेपर आणि पाण्याची बाटली दिली. देवेश म्हणाला, "बाबा, नका ना." हे म्हणाले, "जांव दे रे. माझा रंग आहे, मला ठाऊक किती हात दिलेत." गावची बोली ह्यांच्या तोंडात तेव्हाच येते, जेव्हा आत काहीतरी फुटलेलं असतं. मग वाकले, पेपर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळला, पाणी टाकलं आणि घासायला लागले. बेताने, गोल गोल, आजूबाजूच्या लालला धक्का न लावता. लाल पाणी बॉनेटवरून ओघळून खाली फरशीवर आलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं होतं, रंग देताना धरलं होतं तसंच. पांढरं दिसेपर्यंत घासलं. मग अंगठा फिरवून बघितलं, कुठे राहिलं तर नाही ना, आणि बाजूला झाले.

"बराबर आहे?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाने हात फिरवला. "एकदम बराबर, अंकल."

रिक्षाने परत आलो. रस्त्यात दोन्ही बाजूंना दुकानं होती. ह्यांनी एकदाही मान वर केली नाही. मी वाट बघत होते, म्हणतील, आत माझाच बोर्ड आहे. मीच म्हणावं असं पण मनात आलं. पण काय तोंडाने म्हणणार? निदान त्या बोर्डांवर फ्लेक्स ठोकणाऱ्यांनी ह्यांना बोर्ड पुसायला तरी लावलं नव्हतं.

गाडी आली, करडी, पावडर लावल्यासारखी. बिल्डिंगमधली पोरं म्हणाली, काका, झकास. देवेश हसला. मला ते हसणं पण आवडलं नाही.

आठवड्याने मी गॅलरी झाडत होते. कोपऱ्यात वर्तमानपत्रावर शकुची पाटी होती, अर्धी. पिवळी अक्षरं निम्म्यापर्यंत आलेली. बाजूला झाकणात ब्रश. मी उचलायला गेले तर झाकणासकट वर आला. रंग दगडासारखा वाळला होता, केस न् केस चिकटलेला. मालाडला निघायच्या आधी ह्यांनी तो तसाच ठेवला असणार, येऊन पुरं करतो म्हणून. आणि आल्यावर धुतला नाही. रोज त्याच गॅलरीत बसून सुपारी कातरत होते, पायाशी ब्रश सुकत होता, आणि धुतला नाही. मी तिथेच बसले, पदर तोंडात कोंबला आणि रडले, आत आवाज जाऊ नये म्हणून.

थोड्या वेळाने शकु दारात आली. म्हणाली, "वनमालाताई, भावोजींकडून माझी पाटी कधी होतेय? घाई नाही, सहज विचारलं."

मी म्हटलं, "शकु, मालाडला स्टिकरवाली मिळते बघ. पाहिजे ते अक्षर, पाहिजे तो रंग. तीच आण."

आतून हे म्हणाले, "हो, तीच बरी. ती धड असते."